पंडिता रमाबाईंचे मोठे कुटुंब



दिवाळीच्या कार्यक्रमाला दोनशे माणसांचे जेवण करायचे म्हटले तरी आपल्याकडे महिनाभर आधी याद्या सुरू होतात. कांदे कोणी चिरायचे, मोठी पातेली कोणाकडून आणायची, जमलेले पैसे पुरतील का? मग ज्या घरात सुमारे १९०० माणसे रोज जेवत होती, ते घर कसे चालत असेल? आणि तेही दुष्काळात, ठरलेले उत्पन्न नसताना!

असे घर पुण्याजवळच्या केडगावला होते. त्या घराच्या आईचे नाव पंडिता रमाबाई. रमाबाई संस्कृतच्या मोठ्या विदुषी होत्या, स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्या झटल्या, हे आपण ऐकलेले असते. पण आपले घर कशाच्या आधारावर चालते असे कोणी विचारले, तर त्या प्रार्थनेकडे बोट दाखवीत. त्यांच्या चरित्रातली ही बाजू कमी सांगितली जाते. म्हणून या अंकात आम्ही तीच सांगणार आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ नावाच्या रानात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण. त्या काळी बायकांना संस्कृत शिकवणे पाप समजत. अनंतशास्त्र्यांनी मात्र पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले, आणि पुढे लक्ष्मीबाईंनी रमेला शिकवले. रमा सहा महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला डोंगराखाली नेले. तेव्हापासून वडील देवळांत पुराण सांगत आणि मिळेल त्यात संसार चाले. रमेचे भागवताचे हजारो श्लोक पाठ झाले ते असे चालता चालता.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार? दागिने विकले, भांडी विकली. आईवडिलांनी उपास केले, अनुष्ठाने केली, देवळातून देवळात जाऊन देवाला साकडे घातले. शेवटचे तांदूळ संपल्यावर हे कुटुंब रानात गेले आणि अकरा दिवस पाणी आणि झाडपाल्यावर राहिले. १८७४ च्या सुमारास वडील गेले. आई अंथरुणाला खिळली. तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागायला सोळा वर्षांची रमा एका घरी गेली, पण मागायची सवय नसल्याने तिच्या तोंडून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने न मागता भाकरी दिली. ती आणली तोवर आईला गिळण्याची शक्ती उरली नव्हती. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत, तेव्हा रमेने स्वतः खांदा दिला. ती उंचीने लहान, म्हणून तिला तिरडीचा दांडा डोक्यावर घ्यावा लागला. काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली.

हे लहान मुलांना सांगावे की नाही, असा आम्हाला प्रश्न पडला होता. पण हे सांगितल्याशिवाय केडगावची गोष्ट समजत नाही. भूक काय असते हे रमाबाई पुस्तकात वाचून शिकल्या नव्हत्या. आणि घरासाठी केलेली प्रार्थना कधी कधी आपल्याला हवी तशी पुरी होत नाही, हेही त्यांना फार लवकर कळले होते.

राहिलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी रमेची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा ठेवले. पण फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, कडेवर तान्ही मुलगी.

त्या पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. पुढच्याच वर्षी, १८८३ साली, त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. नंतर चेल्टनम येथील मुलींच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवले. डॉक्टर व्हायचे त्यांच्या मनात होते, पण कानांनी कमी ऐकू येऊ लागल्याने तो बेत सोडावा लागला. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. तिथे व्याख्याने दिली, हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. बॉस्टनच्या मंडळींनी विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसे पाठवायचे कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. पुढे ते पुण्याला आले.

इथे एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. केसरीने कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे त्यांनी धरले होते, त्यामुळे त्यांना राग का आला हे समजण्यासारखे आहे. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या घरात माझ्या देवापुढे बसायला दार लावून का घेऊ? आपल्या वर्गात वेगवेगळ्या धर्मांच्या घरांतली मुले येतात. यात कोणाचे बरोबर, हे प्रत्येकाने आपल्या आईबाबांशी बोलून ठरवावे. आम्हाला एवढेच दिसते की प्रार्थनेपायी शाळा बुडायची वेळ आली तरी त्यांनी प्रार्थना सोडली नाही.

याच सुमारास त्यांनी जॉर्ज म्युलर यांचे चरित्र वाचले. म्युलर मूळचे प्रशियाचे, पण इंग्लंडात ब्रिस्टलला स्थायिक झालेले. त्यांनी तिथे अनाथ मुलांसाठी पाच मोठी घरे बांधली होती आणि त्यांत एका वेळी सुमारे २००० मुले राहू शकत. म्युलर कोणापुढे हात पसरत नसत. काय कमी आहे ते फक्त देवाला सांगायचे, रोज सांगायचे, आणि मिळालेल्या पै न् पैचा हिशेब ठेवायचा, असा त्यांचा नेम. रमाबाईंच्या मनात आले, ब्रिस्टलला जे घडते ते हिंदुस्थानात का घडू नये?

१८९६ साली त्या लोणावळ्याला एका ख्रिस्ती मेळाव्याला गेल्या. त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली होत्या. पहाटे रानात एकट्या बसून रमाबाईंनी प्रार्थना केली, की देवा, या पंधरांचा वर्ग करून दे. मुलांनो, पंधराचा वर्ग किती? २२५! एवढ्या मुली ठेवायला त्यांच्याजवळ ना घर होते ना पैसा. तरी त्यांनी आकडा कमी केला नाही.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना आपले आईवडील आठवले आणि त्यांना घरी बसवेना. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या, आणि तिथल्या छावण्यांतून व रस्त्यांवरून उपाशी, निराधार मुली गोळा करून आणू लागल्या. अशा सुमारे ३०० मुली आल्या. मागितल्या होत्या २२५, आल्या त्याहून जास्त! तेवढ्यात पुण्यात प्लेग आला आणि नव्या मुलींना शहरात ठेवायची सोय राहिली नाही. रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन फळबागेसाठी आधीच घेऊन ठेवली होती. तिथे तंबू आणि झोपड्या उभारल्या. त्या माळरानावर मुक्तिसदन उभे राहिले ते असे.

बॉस्टनचा पैसा शारदासदनासाठी होता. या नव्या मुलींसाठी ठरलेली रक्कम कुठूनच येत नव्हती. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो मुली आल्या आणि घरातली संख्या १९०० च्या आसपास गेली. रोजचे धान्य, कपडे, औषधे! रमाबाई पहाटे चारच्या आधी उठून प्रार्थनेला बसत. दिवसभराच्या कामातही मुलींबरोबर प्रार्थना होत असे. तिजोरीत शिल्लक नसे, पण चूल बंद पडली नाही. हे पैसे काही आकाशातून पडत नव्हते. ते टपालाने येत. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या देशांतले लोक केडगावची हकिकत वाचून पैसे पाठवत. पाठवणाऱ्याच्या मनात ते यावे हीच आपल्या प्रार्थनेची फळे, असे रमाबाई मानत.

पाण्याचेही तसेच. दुष्काळाच्या त्या वर्षी माळरानावरच्या विहिरी संध्याकाळपर्यंत उपसून कोरड्या होत, आणि सकाळी पुन्हा त्यांत दिवसापुरते पाणी साठलेले असे, असे त्या वेळच्या हकिकतीत सांगतात. याला कोणी चमत्कार म्हणेल, कोणी जमिनीतले झरे म्हणेल. आम्हाला मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. पाण्यासाठी प्रार्थना करण्याच्या आधी रमाबाईंनी विहिरी खणून घेतल्या होत्या!

मुक्तिसदनात नुसते जेवण मिळत नव्हते. लिहिणे-वाचणे सर्वांना होते. शिवाय कोणी शेती शिके, कोणी विणकाम, कोणी स्वयंपाक, कोणी रोग्यांची सेवा, कोणी छापखान्यात खिळे जुळवी. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवत. १९०५ च्या सुरुवातीला सुमारे ७० जणी रोज एकत्र येऊन प्रार्थना करू लागल्या आणि जूनपर्यंत त्यांची संख्या ५५० झाली. म्हणजे आता घराची काळजी एकट्या आईवर राहिली नव्हती. ज्या मुलींना रस्त्यावरून उचलून आणले होते, त्याच आता घरासाठी आणि बाहेरच्या जगासाठी मागत होत्या.

रमाबाईंनी शेवटची बरीच वर्षे बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईलाही समजावी अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. मुक्तीच्या छापखान्यात मुलींच्या हातूनच ते छापले गेले. मनोरमा अमेरिकेत शिकून आली होती आणि आईचा उजवा हात झाली होती. पण २४ जुलै १९२१ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, ती गेली. आपल्यामागे मनोरमेने सर्व सांभाळावे ही आईची इच्छा तशीच राहिली. तरी रमाबाई कामाला बसतच राहिल्या. भाषांतराचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

आईसाठी मागितलेला भाकरीचा तुकडा उशिरा पोहोचला, आणि मुलीसाठी मागितलेले आयुष्य मिळाले नाही. प्रार्थना म्हणजे बटण दाबले की दिवा लागतो तसे असते, तर रमाबाईंनी ती केव्हाच सोडून दिली असती. त्यांच्यासाठी चिकाटीने प्रार्थना करणे म्हणजे उत्तर आले नाही तरी पुन्हा मागणे, आणि मागता मागता आपल्या हातांनी होईल ते करत राहणे. म्हणूनच ज्या मुलीच्या आईला वेळेवर भाकरी मिळाली नाही, तिच्या घरी पुढे १९०० माणसे जेवली.

केडगाव पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे. रमाबाईंची संस्था तिथे आजही मुलींना आणि स्त्रियांना आसरा देते. मुलांनो, नकाशात केडगाव शोधा. वाँटेज, चेल्टनम आणि ब्रिस्टलही शोधा. आणि जेवायला बसाल तेव्हा आजीआजोबांना विचारा, त्यांच्या घरी कधी काही कमी पडले होते का, आणि तेव्हा त्यांनी कोणाकडे, काय मागितले होते.