एर्लिख यांनी पाहिलेला धोका
हिवतापाचे जंतू औषधांना दाद देईनासे व्हावेत, याचे पॉल एर्लिख (१८५४–१९१५) यांना नवल वाटले नसते. रंगद्रव्यांचा ध्यास घेतलेल्या या जर्मन वैद्याने १८९१ मध्ये बर्लिनला मिथिलीन ब्लू देऊन दोन हिवतापग्रस्तांना बरे केले. कीर्ती मिळाली ती मात्र उपदंशावरील साल्व्हर्सानमुळे.

१९०७ च्या सुमारास फ्रँकफुर्टला, निद्रारोगाच्या कुळातील जंतूंवर प्रयोग करताना त्यांना आढळले, की अपुऱ्या मात्रेतून बचावलेले जंतू त्या औषधाला निर्ढावतात आणि तो गुण पुढल्या पिढ्यांतही उतरतो. निराळ्या वर्गाच्या औषधाने मात्र ते मरतात. म्हणून भिन्न औषधांचा मारा एकदम करावा, या मताला ते आले.

हिवतापाच्या बाबतीत हे कोणी मनावर घेतले? क्लोरोक्वीन एकटेच वाटले गेले आणि १९५० च्या दशकाअखेर थायलंड-कंबोडिया सीमेवर ते निष्प्रभ ठरू लागले. आर्टेमिसिनिनच्या एकेरी गोळ्यांची विक्री थांबवा, असे जागतिक आरोग्य संघटनेला २००६ मध्ये बजावावे लागले.