टिळकांचे पाचारण आणि लक्ष्मीबाईंची पाच वर्षे





गेल्या महिन्यात उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीतली एक आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिचा मुलगा इथे गोविंदपुऱ्याच्या इंडस्ट्रियल एरियात लेथवर काम करतो. अजून पर्मनंट नाही, पण होईल अशी आशा आहे. आता तो म्हणतो, मला प्रभूचे पाचारण झाले आहे, मी नोकरी सोडतो आणि सुवार्तेच्या कामाला लागतो. बाईचे डोळे भरलेले. मुलगा जरा लांब, मान खाली घालून उभा. तुम्ही जुने आहात, तुम्हीच याला काहीतरी सांगा, असे ती म्हणाली. मी रिटायर झालेला माणूस, पाळक नव्हे. तिथल्या तिथे मला काही सुचले नाही. घरी आलो आणि कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली. त्यानंतर मनात जे जमले ते या पानावर लिहितो आहे.

नारायण वामन टिळक आपल्याला ठाऊक आहेत ते गीतांच्या पुस्तकातल्या नावापुरते. शाळेत शिकलेल्यांना 'फुलामुलांचे कवी' एवढे आठवते. (लोकमान्यांशी गल्लत नको. दोघेही कोकणातले चित्पावन, वयात पाचच वर्षांचे अंतर, पण वाटा अगदी निराळ्या.) त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील सरकारी नोकर आणि स्वभावाने कडक. आई भाविक, गाण्याची आवड असलेली. नारायण दहा-अकरा वर्षांचा असताना आई गेली आणि घर घर राहिले नाही. मुलगा नाशिकला आला, गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला, थोडे इंग्रजीही शिकला, पण शाळा पुरी झाली नाही. १८८० च्या सुमारास लग्न झाले. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, वय जेमतेम अकरा-बारा. तीच लक्ष्मीबाई.

पुढची दहा-बारा वर्षे वाचताना खरे सांगायचे तर या माणसाचा राग येतो. आज मास्तर, उद्या पुराण सांगणारा, परवा आणखी काही. एका गावात बस्तान बसते न बसते तोच निघायची तयारी. कधी न सांगता निघून जायचे, बायको मागे कुणाच्या तरी दारी. पैसा हाती टिकत नसे. रागाचा पारा चढायला वेळ लागत नसे, उतरायलाही लागत नसे. आपल्या कॉलनीत असा जावई असता तर लोक काय म्हणाले असते ते सांगायला नको! पण ही भटकंती आळशाची नव्हती. मनात काहीतरी खदखदत होते. देव एक आहे, तो सगळ्यांचा बाप आहे, मग माणसामाणसांत हा वरखालीचा भेद कशाला? धर्मग्रंथ माणसांनीच लिहिलेले असतील तर ते सगळे तपासून का पाहू नयेत? या देशाला नवा धर्म हवा आहे आणि तो कदाचित आपल्यालाच सांगावा लागेल, इथवर त्यांची मजल गेली होती. म्हणजे पाहा, सांगण्याची ओढ आधीपासून होती, काय सांगायचे ते मात्र हाती लागले नव्हते. १८९१ च्या सुमारास नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले, 'ऋषि' नावाचे मासिक चालवले. विद्वान म्हणून नाव झाले.

आणि इथे गोष्ट आपल्या भागाकडे येते. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले, तिथल्या संस्थानात नोकरीसाठी. बैरागी महंतांचे हे संस्थान तेव्हा मध्य प्रांतात होते. २००० सालापर्यंत राजनांदगाव आपल्याच राज्यात होते, आता छत्तीसगडात आहे. गाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. त्याने या ब्राह्मण पंडिताला नीट जागा दिली, आदराने बोलला, आणि बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्यावर. धर्मावर ते नंतर आले. टिळकांनी आपले विचार मांडले. त्याने ऐकून घेतले, नव्या कराराची प्रत हाती दिली आणि वाचण्याचे वचन मागितले. प्रामाणिकपणे वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले असणार. पण वचन दिले होते. तो गृहस्थ कोण हे त्यांना पुढे कधीच कळले नाही. 

राजनांदगावला वाचन सुरू झाले. आधी गोडी नव्हती, दिल्या शब्दाखातर पाने उलटत होते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि तिथून त्यांना उठवेना. जो प्रश्न घेऊन ते हिंडत होते त्याचे उत्तर समोर होते, आणि ते जगून दाखवणारा एक माणूसही. मात्र त्या दिवशी काही झाले नाही. आपण साक्षी ऐकतो त्यात गाडीतला प्रसंग झाला की लगेच बाप्तिस्मा येतो. टिळकांच्या बाबतीत मध्ये जवळजवळ दोन वर्षे गेली, आणि ती सुखाची नव्हती. मुंबईच्या 'ज्ञानोदया'शी त्यांनी नाव लपवून पत्रव्यवहार केला. जात, नातलग, मान, पोटापाण्याची सोय, सगळे जाणार हे दिसत होते. बायको आणि लहानगा दत्तूही जातील हेही दिसत होते.

हल्ली ख्रिस्ती होणे म्हटले की कुणी काय दिले, हा प्रश्न आधी येतो. आमचे काही शेजारी तो मोकळेपणाने विचारतात, आणि विचारतात हे बरेच आहे. टिळकांच्या हिशेबाच्या वहीत जमेची बाजू शोधून पाहावी. नागपूरचा मान गेला, माणसे गेली, घर गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंना ही बातमी सगळे घडून गेल्यावर कळली.

इथे मला थांबावेसे वाटते. आपल्याकडे टिळकांचे चरित्र सांगताना हा भाग दोन वाक्यांत उरकतात. नवरा जिवंत असून परका झाला. जवळ यावे तर जात जाणार, न यावे तर संसार गेला. पदरात एक मूल. पंढरपूरला बहिणीच्या घरी त्यांनी दिवस काढले, विठोबाच्या गावात, सोवळ्याओवळ्यात, आणि लोकांच्या कुजबुजीत. याच दुःखात त्यांना कविता सुचू लागल्या. त्यांना अक्षर ओळख झाली होती तीही नवऱ्याकडूनच. टिळक नगरहून पत्रे लिहीत, या म्हणत. ही ताटातूट जवळजवळ पाच वर्षे चालली. टिळकांवर माझी श्रद्धा आहे, पण पाचारण खरे होते म्हणून बायकोला अंधारात ठेवणे बरोबर ठरते असे मला वाटत नाही. लक्ष्मीबाईंनी पुढे हे सगळे लिहिले ते कुढत नाही, कितीदा तर हसवत लिहिले. तरी वाचणाऱ्याच्या घशात अडकायचे ते अडकतेच.

शेवटी त्या नगरला आल्या. पण ख्रिस्ती व्हायला नव्हे, फक्त नवऱ्याजवळ राहायला. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, विटाळ कडक. आणि टिळकांनी, त्या तापट माणसाने, हे सांभाळले. तिचे सोवळे तिला पाळू दिले. ज्याने गावोगाव सुवार्ता सांगायला कंबर कसली होती त्याला घरातच सर्वांत कठीण श्रोता मिळाला, आणि तिथे वादविवादाचा काही उपयोग नव्हता. हळूहळू लक्ष्मीबाईंच्याच मनात प्रश्न उठला, जात देवाने केली की माणसाने? त्यांनी तो स्वतःशीच सोडवला, आणि मग सगळ्यांच्या हातचे खाऊ-पिऊ लागल्या. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. दुष्काळाची आणि प्लेगची ती वर्षे. टिळकांच्या घरात पोरकी मुले येत, राहत, जेवत. घरात दाणे किती आहेत याचा हिशेब अर्थातच लक्ष्मीबाईंनी ठेवायचा.

टिळकांनी नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवले, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पण त्यांचे स्वतःचे काम त्यांना सापडले ते गाण्यात. मराठी ख्रिस्ती गीते त्यांच्याआधी नव्हती असे नाही. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांची होती, कीर्तनेही होती. तरी रविवारची उपासना पुष्कळशी परक्या चालींवर आणि भाषांतरावर चाले. टिळक ज्ञानोबा-तुकोबांच्या गाण्यात वाढलेले. ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या पुलावरून आलो, असे ते उघड मानत. मग तो पूल मोडून पलीकडे उभे कसे राहायचे? अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे सगळे त्यांनी मंडळीत आणले. दोनशेच्या वर गीते लिहिली. आमच्याकडे कारखान्याच्या निमित्ताने साठ-सत्तर वर्षांपूर्वी जी मराठी कुटुंबे आली, त्यांच्या ट्रंकेत शास्त्राबरोबर ही गीते होती. माझी आई बाकी सगळे हिंदीत बोलू लागली, पण भांडी घासताना गायची ती टिळकांचेच गाणे.

आणखी एक गोष्ट आमच्या शेजाऱ्यांसाठी. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, नगरला टिळकांच्या घरी पोटच्या मुलासारखे राहिले. त्यांचे रुसवेफुगवे, खोड्या, कविता, सगळे त्या घराने झेलले. बालकवी हिंदूच राहिले. टिळकांची माया त्यामुळे कमी झाली नाही आणि बालकवींचे येणेजाणेही थांबले नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ गाडीखाली सापडून ते गेले, तेव्हा त्यांच्यासाठी रडणाऱ्यांत हे ख्रिस्ती घरही होते.

१९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन टिळकांकडे होते. बावीसेक वर्षे मिशनच्या छत्राखाली काम केल्यावर १९१७ साली त्यांनी पगार सोडला. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न, म्हणजे आपल्याकडे लोक ग्रॅच्युइटीचा हिशेब करतात ते वय. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला मानणारे, मग त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, सगळ्यांनी भावासारखे एकत्र यावे, वर कुणी साहेब नको, अशी ती कल्पना. पुष्कळांना ती रुचली नाही. फार वाढलीही नाही, कारण वेळच उरला नव्हता. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात ते वारले.

त्या मुलाशी मागच्या आठवड्यात बोललो तेव्हा त्याला या साऱ्यातली दोनच वर्षे सांगितली, १८९३ आणि १९१७. गाडीतली भेट आणि पगार सोडणे यांत चोवीस वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात टिळक शिकवत होते, लिहीत होते, घर चालवत होते (नीट नाही, पण चालवत होते). लेथवर उभे राहून त्याला कुणाशी बोलता येते का, हे मी विचारले. शेजारच्या मशीनवरच्याशी रोज बोलतो, म्हणाला. त्याने माझ्याकडून काही कबूल केले नाही, मीही मागितले नाही. आईला विचारल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस, एवढे मात्र बजावले.

टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध लिहायला घेतले होते, 'ख्रिस्तायन'. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. पंढरपूरला बहिणीच्या घरी ज्या रडल्या, त्याच लक्ष्मीबाईंनी.

'स्मृतिचित्रे'ची माझी प्रत सध्या त्या घरी आहे. मुलाने नेली, पण आई आधी वाचते आहे असा निरोप आहे.

आपला,
एक वाचक
गोविंदपुरा, भोपाळ