रानड्यांच्या हाताखाली

कोकणातील कोतळूक या लहानशा गावी ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. वडील अकाली वारले. तेव्हा थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून नोकरी धरली आणि पंधरा रुपयांच्या पगारातून दरमहा आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठविले. १८८४ साली गोपाळराव बी. ए. झाले. पुढे ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक व नंतर फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येक वर्षे शाळांतून चालत असे. तुमच्या पणजोबांनी त्यातील उदाहरणे कदाचित सोडविलीही असतील.

पुण्यात त्यांची महादेव गोविंद रानडे यांच्याशी गाठ पडली. रानडे सरकारी न्यायाधीश होते. कचेरीचे काम आटोपले की शेतसारा, दुष्काळ, व्यापार अशा प्रश्नांच्या अभ्यासात ते गढून जात. त्या काळी लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्याचे काम सार्वजनिक सभा ही संस्था करीत असे. १८९० च्या सुमारास तरुण गोखले तिचे चिटणीस झाले, आणि रानड्यांच्या हाताखाली त्यांची खरी उमेदवारी सुरू झाली.

काम मोठे किचकट होते. सरकारी अहवालांचे जाडजूड ग्रंथ वाचावयाचे, त्यांतील आकडे एकमेकांशी ताडून पाहावयाचे आणि मग अर्ज लिहावयाचा. आधारावाचून केलेले विधान रानड्यांना खपत नसे.

एकदा असाच एक अर्ज फार श्रम घेऊन तयार केला. सरकारकडून उत्तर आले ते अवघ्या दोन ओळींचे! अर्जातील मजकुराची नोंद घेतली, एवढेच त्यात होते. गोखले खट्टू झाले. सरकार लक्षच देत नसेल, तर हा खटाटोप करावयाचा कशाला, असे त्यांनी रानड्यांना विचारले. रानड्यांनी शांतपणे समजाविले, की अर्जावर नाव सरकारचे असले तरी तो खरोखर आपल्या लोकांसाठी असतो. अशा प्रश्नांचा विचार कसा करावा, हे लोकांनी त्यावरून शिकावयाचे असते. हे उत्तर गोखले कधी विसरले नाहीत.

१८९७ साली भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे लंडनमध्ये त्यांची साक्ष झाली. ती उत्तम वठली. पण त्याच मुक्कामात पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या सैनिकांवर गंभीर आरोप केले. पुरावा मागितला गेला, तेव्हा तो देता येईना आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे त्यांना रुचेना. परत आल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली. चोहोकडून निंदा झाली. रानड्यांनी मात्र त्यांचा हात सोडला नाही.

१९०१ च्या जानेवारीत रानडे वारले. जवळजवळ चौदा वर्षांचा सहवास संपला. पुढच्याच वर्षी कलकत्त्यास, व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात, गोखल्यांनी अंदाजपत्रकावर भाषण केले. तिजोरीत शिल्लक वाढत असताना रयत मात्र दरिद्री का, असा त्यांचा सवाल होता आणि तो त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी मांडला. मिठावरील कर कमी करा, ही त्यांची एक मागणी होती. १९०३ साली तो कमी झाला.

१९०५ साली त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. तेथे येणाऱ्या नव्या सभासदाला आधी पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. १९०७ साली मद्रासचे एक मुख्याध्यापक, श्रीनिवास शास्त्री, शाळा सोडून तेथे दाखल झाले. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले निवर्तले, तेव्हा समाजाची धुरा त्यांच्याच खांद्यावर आली.