मेरी टील्बी आणि हॉलोवेचे तबेले

लंडनमधील बॅटरसीचे श्वानगृह आज जगभर ओळखले जाते. मात्र १८७१ मध्ये ते बॅटरसीला हलले, तेव्हा त्याच्या संस्थापिका मेरी टील्बी यांच्या निधनाला सहा वर्षे होत आली होती.

मेरी बेट्स यांचा जन्म १८०१ मध्ये हंटिंग्डनचा. हल बंदरातील लाकडाचे व्यापारी रॉबर्ट टील्बी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. पतीपासून विभक्त होऊन त्या लंडनमध्ये धर्मोपदेशक भाऊ एडवर्ड बेट्स यांच्या आश्रयाला आल्या. त्या काळी अशा स्त्रीला समाजात फारसे स्थान नसे. त्यांच्या नावावर जे काही जमा आहे, ते सारे आयुष्याच्या अखेरच्या पाच वर्षांतले.

सारा मेजर या त्यांच्या मैत्रिणीला रस्त्यात भुकेने मरणासन्न झालेले एक कुत्रे आढळले. दोघींनी त्याची शुश्रूषा केली. ते वाचले नाही. पुढे अशी आणखी कुत्री येऊ लागली आणि घरातली जागा अपुरी पडली. ऑक्टोबर १८६० मध्ये टील्बी यांनी हॉलोवे भागातील तबेल्यांत हरवलेल्या व भुकेल्या कुत्र्यांसाठी तात्पुरते आश्रयगृह उघडले.

'तात्पुरते' हा शब्द संस्थेच्या नावातच होता आणि टील्बी यांचे वेगळेपण त्यातच आहे. निवारा ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून १८३२ मध्ये मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला होता आणि दोनच वर्षांत जमशेटजी जिजीभॉय यांच्यासारख्या दानशूरांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभी राहिली होती. पांजरपोळीत आलेले जनावर अखेरपर्यंत तिथेच राही. हॉलोवेत मात्र कुत्र्याला खाऊपिऊ घालून, बरे करून पुन्हा घराकडे धाडायचे होते. मालक सापडला तर त्याच्याकडे, न सापडला तर नव्या कुटुंबाकडे. ज्यांच्या जगण्याची आशाच उरली नव्हती, त्यांना यातनांतून मुक्त केले जाई. करुणेच्या कामाची ही कटू बाजू त्या काळीही टळली नाही.

लंडनने या उपक्रमाची यथेच्छ टिंगल केली. शहरात माणसांची मुले उपाशी असताना कुत्र्यांवर पैसा उधळणाऱ्यांचे डोके ठिकाणावर आहे काय, असा 'टाइम्स'च्या टीकेचा रोख होता. आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण ती उपासमार खरीच होती. परंतु कुत्रे उपाशी ठेवल्याने एकाही मुलाच्या ताटात घास पडणार नव्हता. शेजाऱ्यांच्या भुंकण्याविषयीच्या तक्रारी आणि पैशाची चणचण ही दुखणी वेगळीच.

१८६२ मध्ये वारे फिरले. चार्ल्स डिकन्स यांच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात एक लेख आला. त्यात इझलिंग्टनच्या प्रदर्शनातील जातिवंत, मिरवणारी कुत्री आणि तिथून जवळच असलेल्या हॉलोवेतील अनाथ कुत्री शेजारी शेजारी उभी केली होती. हसणाऱ्यांपैकी काही जण मग देणगीदार झाले.

टील्बी यांना मात्र कर्करोगाने गाठले होते. ऑक्टोबर १८६५ मध्ये बिगल्सवेड येथे त्यांचे निधन झाले आणि तेथील चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. ज्या भावाने त्यांना आसरा दिला होता, तोही पुढे तिथेच विसावला. बॅटरसीच्या दारातून १८८३ पासून मांजरेही आत येऊ लागली आणि नावातला 'तात्पुरते' हा शब्द कालांतराने गळून पडला.