५०० जीव वाचवणारा एडी आयकाऊ मदत आणायला गेला आणि पालथ्या होडीला धरून बसलेले सगळे वाचले

१७ मार्च १९७८. सकाळचे साधारण साडेदहा वाजले होते. हवाई बेटांच्या मधल्या समुद्रात ६२ फुटांची एक होडी पालथी पडली होती. तिच्या बुडाला धरून बसलेली माणसं रात्रभर भिजत, कुडकुडत होती. वरून विमानं जात होती, पण कुणाचंच लक्ष खाली जात नव्हतं.

त्यातला ३१ वर्षांचा एक गडी सर्फबोर्डवर पालथा झोपला आणि हातांनी पाणी मागे सारत लानाई बेटाच्या दिशेने निघाला. त्याचं नाव एडी आयकाऊ. त्या दिवसानंतर तो कुणालाच दिसला नाही.

हवाईत आज लहान पोरालाही हे नाव माहीत आहे. पण एडीची गोष्ट फक्त शौर्याची नाही. दोन अंगांची होडी का उलटते, उलटल्यावर काय करायचं आणि काय नाही करायचं, हेही त्यातूनच समजतं.

कब्रस्तानात वाढलेला पोरगा

एडीचा जन्म ४ मे १९४६ चा, माउई बेटावरच्या काहुलुईचा. सहा भावंडं, पैशाची ओढाताण. १९५९ मध्ये कुटुंब ओआहू बेटावर आलं. तिथे आयकाऊ मंडळी एका चिनी कब्रस्तानाची देखभाल करायची आणि राहायचीही तिथेच.

शाळेत एडीचं मन रमलं नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो अननसाच्या कारखान्यात कामाला लागला. पगारातून त्याने सर्फबोर्ड घेतला आणि सुटी मिळाली की समुद्र गाठायला सुरुवात केली.

ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर वायमेया नावाचा उपसागर आहे. उन्हाळ्यात तो तळ्यासारखा शांत असतो, हिवाळ्यात तिथे तीन-चार मजली इमारतीएवढ्या लाटा येतात. १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये एडी अशाच लाटांवर उतरला. तोवर त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्या दिवसानंतर सर्फिंगच्या जगात त्याचं नाव झालं.

जिथे कुणी जायला धजत नव्हतं, तिथे याची ड्युटी

१९६८ मध्ये होनोलुलूच्या प्रशासनाने उत्तर किनाऱ्यासाठी लाईफगार्ड नेमायला सुरुवात केली. त्या पहिल्या नेमणुकीत एडी होता.

आज लाईफगार्डकडे जेट स्की असते, वायरलेस असतो. एडीकडे एक बोर्ड होता, पायात घालायचे पंख होते आणि समुद्र वाचण्याची नजर होती. त्याने पाचशेहून जास्त लोकांना पाण्याबाहेर काढलं असं मानलं जातं. तो वायमेयावर असताना तिथे एकही माणूस बुडून मेला नाही. १९७१ मध्ये त्याला वर्षातला सर्वोत्तम लाईफगार्ड म्हणून गौरवण्यात आलं. पुढे १९७७ मध्ये ड्यूक काहानामोकू यांच्या नावाची मानाची सर्फिंग स्पर्धाही त्याने जिंकली.

थोडक्यात काय, तर कुणी संकटात दिसलं की गप्प बसणं एडीला जमायचं नाही. पुढे जे घडलं ते समजून घ्यायचं तर हा स्वभाव लक्षात ठेवावा लागेल.

होकुलेआ : दोन होड्यांची एक होडी

हवाईच्या लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी दक्षिणेच्या बेटांवरून समुद्र ओलांडून आले. पण काही पाश्चात्त्य अभ्यासकांचं म्हणणं होतं की हे ठरवून झालं नसावं, वाट चुकलेल्या होड्या वाहत वाहत इथे लागल्या असाव्यात. हे खोडून काढायला हवाईच्या काही मंडळींनी जुन्या पद्धतीची एक होडी बांधली. तिचं नाव होकुलेआ. आपण ज्याला स्वाती नक्षत्र म्हणतो, त्या ताऱ्याचं हे हवाईयन नाव.

१९७६ मध्ये माऊ पियाइलुग या जुन्याजाणत्या दर्यावर्दीने कोणत्याही यंत्राशिवाय, फक्त तारे, लाटा आणि पक्षी बघून ही होडी हवाईहून ताहितीला नेली. अंतर ४,००० किलोमीटरच्या आसपास. सगळ्या हवाईची मान उंचावली. १९७८ मध्ये तीच सफर पुन्हा करायचं ठरलं आणि यावेळी खलाशांमध्ये एडीची निवड झाली. पूर्वजांच्या वाटेवरून जायला मिळणं हे त्याच्यासाठी फार मोठं होतं.

होकुलेआची रचना कॅटामरानची. म्हणजे दोन लांबट होड्या शेजारी-शेजारी ठेवायच्या, मध्ये आडवे वासे बांधायचे आणि वर फळ्यांचा माचा करायचा. पाण्यातल्या या प्रत्येक अंगाला हल म्हणतात. कॅटामरान हा शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम म्हणजे बांधलेली लाकडं. आपल्या कोकणात छोट्या होडीला एका बाजूला लाकडाची उलांडी जोडतात, तिचंही काम तेच : होडीचा पाया रुंद करून तिला कलण्यापासून वाचवायचं.

मग एवढी रुंद होडी उलटली कशी?

एक हलाची मोठी शिडाची होडी वाऱ्याने लगेच कलते. पण तिच्या तळाशी जड वजन असतं, ते तिला पुन्हा उभं करतं. कॅटामरानला असं वजन नसतं. ती आपल्या रुंदीच्या जोरावर उभी राहते, म्हणून सुरुवातीला ती जागची हलत नाही. पण एका मर्यादेपलीकडे एक हल वर उचलला गेला की तिला मागे खेचणारं काहीच उरत नाही. आणि एकदा पालथी झाली की ती पालथी सुद्धा तितकीच घट्ट बसते.

१६ मार्चच्या संध्याकाळी होकुलेआ होनोलुलूहून निघाली तेव्हा वारा जोरात होता, समुद्र खवळलेला होता आणि होडीत लांबच्या सफरीचं सामान ठासून भरलेलं होतं. सोबत दुसरी बोट नव्हती. काही तासांतच एका हलात पाणी शिरायला लागलं. वारा होडीला ज्या बाजूला रेटत होता, नेमका त्याच बाजूचा हा हल. तो जड होऊन खाली गेला, दुसरा हलका होऊन वर आला. पाणी उपसायचा प्रयत्न झाला, पण मध्यरात्रीच्या सुमारास मोलोकाई बेटाच्या दक्षिणेला साधारण १९ किलोमीटरवर होडी उलटली.

एवढी मोठी होडी माणसांच्या बळावर सरळ करणं शक्यच नव्हतं. किनाऱ्याशी संपर्क होईना. रात्री सोडलेल्या फ्लेअर कुणाला दिसल्या नाहीत.

एडीचा निर्णय

सकाळ झाली तेव्हा काही जण थंडीने आणि उलट्यांनी गळून गेले होते. होडी विमानांच्या नेहमीच्या मार्गापासून लांब वाहत चालली होती. एडीने कप्तान डेव्ह लायमन यांच्याकडे बोर्डवरून मदत आणायला जायची परवानगी मागितली. लायमन आधी तयार नव्हते, शेवटी त्यांनी होकार दिला.

सोबत्यांनी एडीला लाईफ जॅकेट दिलं, थोडी संत्री दिली. तो निघाला. हात मारायला अडचण होते म्हणून थोड्या अंतरावर त्याने जॅकेट काढून टाकलं.

त्याच दिवशी संध्याकाळी हवाईयन एअरलाइन्सच्या एका विमानातून होकुलेआची फ्लेअर दिसली. वैमानिकाने कळवलं, तटरक्षक दल पोहोचलं आणि होडीला धरून राहिलेले सगळे सुखरूप सुटले. एडीसाठी हवाईच्या इतिहासातली सगळ्यात मोठी हवाई आणि सागरी शोधमोहीम झाली. त्याचा पत्ता लागला नाही.

इथे एडीला चूक ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर होणार नाही. विमान येणार हे सकाळी कुणालाच माहीत नव्हतं. आणि त्या समुद्रात बोर्डवरून जाऊ शकेल असा त्या होडीवर कुणी असेल, तर तो एडीच होता. तरीही समुद्राचा जुना नियम त्या दिवशी खरा ठरला : होडी तरंगतेय तोवर होडी सोडायची नाही. पाण्यातलं माणसाचं डोकं लाटांमध्ये दिसत नाही, पालथी होडी त्या मानाने खूप लांबून दिसते.

छोट्या कॅटामरानचं गणित वेगळं, नियम तोच

आज समुद्रकिनाऱ्यांवर दोन माणसांची होबी १६ सारखी छोटी कॅटामरान चालवली जाते. तिचं उलटणं हा खेळाचाच भाग आहे आणि ती सरळही करता येते. पण आधी उलटू नये म्हणून काय करायचं ते बघू.

– निघण्याआधी दोन्ही हलांची बुचं घट्ट बसली आहेत का ते तपासा. एका हलात साचलेलं पाणी काय करतं, ते होकुलेआने दाखवलंय.
– जोराच्या वाऱ्यात शिडाचा दोर अडकवून ठेवू नका, हातात ठेवा. हल उचलायला लागला की दोर ढिला सोडा.
– वारा ज्या बाजूने येतो त्या हलावर वजन ठेवा.
– वारा मागून असेल आणि वेग वाढला असेल तर मागे सरका. पुढची टोकं पाण्यात घुसली की होडी कोलांटी खाते.

आणि उलटलीच तर?

– आधी सोबती कुठे आहे ते बघा आणि दोघांनी होडी पकडा. रिकामी होडी वाऱ्याने तुमच्या पोहण्यापेक्षा वेगात वाहत जाते.
– शिडांचे दोर मोकळे करा, नाहीतर होडी उभी राहताच पळेल किंवा पुन्हा उलटेल.
– होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवा.
– खालच्या हलावर उभं राहा, वरच्या हलावरून घेतलेला दोर धरा आणि पाठ पाण्याकडे टाकून लटका. घाई करू नका. डोलकाठी पाण्यातून वर आली की वारा शिडाखाली शिरतो आणि उरलेलं काम तोच करतो.
– वरचा हल खाली येताना डोकं सांभाळा आणि होडी पलीकडे उलटू नये म्हणून मधला दांडा धरून ठेवा.

होडी पूर्ण पालथी होऊन डोलकाठी थेट तळाकडे गेली तर काम अवघड होतं. म्हणून शिकणाऱ्यांच्या होडीत डोलकाठीच्या टोकाला हवेचा फुगा लावतात. एकट्या हलक्या माणसाचं वजन तर बऱ्याचदा पुरतच नाही. अशा वेळी होडीवर चढून बसायचं, हात हलवायचे आणि मदतीची वाट बघायची. किनारा कितीही जवळ दिसत असला तरी.

एडीनंतर

होकुलेआ ओढून आणली गेली, दुरुस्त झाली. सफर बंद करण्याऐवजी मंडळींनी तयारी बदलली. खलाशांना नीट प्रशिक्षण सुरू झालं, सुरक्षेचे नियम कडक झाले, सोबत दुसरी बोट ठेवायचं ठरलं. उलटलेल्या होडीवर एडीसोबत असलेला तरुण नायनोआ थॉम्पसन माऊ पियाइलुगकडे शिकला आणि १९८० मध्ये त्याने होकुलेआ यंत्रांशिवाय ताहितीला नेऊन परत आणली. २०१४ ते २०१७ या काळात तर होकुलेआने जगाला फेरी मारली.

एडीच्या नावाने वायमेयाला मोठ्या लाटांची स्पर्धा होते. लाटा ठरलेल्या उंचीच्या नसतील तर ती होतच नाही, त्यामुळे अनेक वर्षं कोरडी जातात. २०२३ च्या जानेवारीत ती झाली तेव्हा जिंकला ल्यूक शेपर्डसन. तो तिथला लाईफगार्ड. त्या दिवशी तो ड्युटीवर होता, मधल्या सुटीत लाटांवर उतरला आणि मग पुन्हा आपल्या टॉवरवर जाऊन बसला.