मिठाच्या पाण्याचे कोडे

कोरड्या मिठातून वीज वाहत नाही. शुद्ध पाण्यातूनही ती फारशी वाहत नाही. पण मीठ पाण्यात विरघळवले, की त्या पाण्यातून वीज सहज वाहू लागते. असे का होते? हे कोडे सोडवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव होते स्वान्ते अऱ्हेनियस.

अऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडन देशात, उप्साला शहराजवळ झाला. त्यांचे वडील जमिनीच्या मोजणीचे काम करत. लहानगा स्वान्ते तिसऱ्या वर्षीच वाचू लागला. वडिलांच्या हिशेबाच्या वह्या पाहता पाहता त्याला आकड्यांची गोडी लागली.

पुढे उप्साला विद्यापीठातील शिक्षण त्यांना अपुरे वाटू लागले. म्हणून १८८१ साली ते स्टॉकहोमला गेले. तेथे त्यांनी निरनिराळ्या क्षारांच्या द्रावणांतून वीज किती वाहते, ते मोजले. या कामावरचा प्रबंध त्यांनी १८८४ साली उप्साला विद्यापीठाला सादर केला. परीक्षकांना त्यांचे विचार पटले नाहीत. प्रबंध कसाबसा मान्य झाला, पण श्रेणी अगदी खालची मिळाली.

अऱ्हेनियस खचले नाहीत. त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशांतील शास्त्रज्ञांना पाठवल्या. रीगा शहरातील ओस्टवाल्ड यांना त्याचे मोल कळले. त्याच वर्षी ते स्वतः उप्सालाला आले आणि त्यांनी या तरुणाला रीगा येथे जागा देऊ केली. मग उप्साला विद्यापीठानेही अऱ्हेनियस यांना अध्यापक नेमले.

१८८७ साली त्यांनी आपला सिद्धान्त स्पष्टपणे मांडला. मीठ पाण्यात विरघळले, की त्याचे धनभारित व ऋणभारित कण सुटे होतात. या कणांना आयन म्हणतात. वीज त्यांना वेगळे करत नाही. ते आधीच वेगळे झालेले असतात व तेच वीज वाहून नेतात.

अनेकांनी शंका घेतली. सोडिअम तर पाण्यात टाकताच जोराने पेटतो आणि क्लोरीन विषारी वायू आहे. मग ते पाण्यात शांत कसे राहतील? उत्तर असे होते, की विद्युतभार मिळाल्यावर कणाचे गुणधर्म बदलतात. शिवाय पुरावाही होता. पाण्यात साखर विरघळवली, तर ते अधिक कमी तापमानाला गोठते. साखरेच्या रेणूंच्या जागी मिठाचे तितकेच घटक घेतले, तर हा फरक जवळजवळ दुप्पट होतो. कारण मिठाच्या एका घटकाचे दोन कण होतात.

हळूहळू जगाने हा सिद्धान्त मानला. १९०३ साली अऱ्हेनियस यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश शास्त्रज्ञ होत.

तरीही एक अडचण उरली होती. मिठाचे द्रावण दाट असले, की त्यांचे गणित नीट जुळत नसे. १९२३ साली डिबाय आणि ह्यूकेल यांनी त्याचे कारण सांगितले. सुटे झालेले आयनही एकमेकांना ओढतात. प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचे जणू कडे तयार होते आणि त्याची चाल मंदावते. आजही शास्त्रज्ञ या ओढीचे गणित मांडतात.

२ ऑक्टोबर १९२७ रोजी अऱ्हेनियस यांचे निधन झाले. परीक्षकांनी दिलेली श्रेणी आज कोणाच्या कामाची नाही. पण आयनांचा धडा जगभरातील मुले शिकतात.