पेशंटकडून धनुर्विद्या शिकलेला सर्जन, ज्याच्या धनुष्याला साईटच नव्हती

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत सप्टेंबर जवळ आला की धनुष्यबाणाने एल्कची शिकार करणाऱ्यांमध्ये एक चर्चा हमखास सुरू होते. यंदा धनुष्यावर साईट कुठली बसवायची? एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं थोराड हरीण, पूर्ण वाढलेला नर 300 किलोच्या पुढे जातो. आणि साईट म्हणजे नेम धरण्यासाठी धनुष्याला बसवलेली छोटी चौकट. तिच्यात बारीक पिना असतात. एक पिन 20 यार्डांसाठी, त्याखालची 30 साठी, मग 40 साठी. एक यार्ड म्हणजे तीन फूट.

या शिकाऱ्यांच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या क्लबाचं नाव आहे पोप अँड यंग क्लब. त्यातला पोप म्हणजे डॉ. सॅक्स्टन पोप. शिकारीला जाताना त्याच्या धनुष्यावर एकही पिन नसायची.

पोपचा जन्म 1875 मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट स्टॉकटनचा. वडील लष्करात डॉक्टर, त्यामुळे बालपण छावण्यांमध्ये गेलं. पुढे तोही डॉक्टर झाला आणि 1912 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रिया शिकवू लागला. रुग्णालयाच्या शेजारीच विद्यापीठाचं संग्रहालय होतं आणि तिथे इशी राहत होता.

इशी हा याही जमातीतला शेवटचा माणूस. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याची जमात जवळजवळ संपवून टाकली होती. उरलेली मोजकी माणसं कित्येक वर्षं डोंगरात लपून राहिली आणि शेवटी तो एकटाच उरला. ऑगस्ट 1911 मध्ये ओरोव्हिल गावाजवळ तो लोकांना सापडला. त्याने स्वतःचं नाव कधीच सांगितलं नाही. इशी या शब्दाचा त्याच्या भाषेतला अर्थ फक्त माणूस.

पोप त्याचा डॉक्टर झाला आणि हळूहळू त्याचा शिष्यही. इशीने त्याला धनुष्य कसं घडवायचं, बाणाला पिसं कशी बांधायची आणि दगडाचं टोक कसं काढायचं ते दाखवलं. पोपच्या एक गोष्ट लक्षात आली. लांबच्या गोल निशाणावर इशीचा नेम फारसा चांगला नव्हता. इंग्लिश पद्धतीचे नेमबाज त्याला सहज हरवू शकले असते. पण दहा-वीस यार्डांवरच्या छोट्या प्राण्यावर त्याचा बाण क्वचितच चुकायचा. तो लांबून बाण मारायच्या भानगडीतच पडत नसे. सावजाच्या जवळ जाणं, त्याचा आवाज काढून त्याला बोलावणं, वाऱ्याची दिशा सांभाळणं, हे त्याचं खरं कसब होतं.

1916 च्या मार्चमध्ये क्षयाने इशी गेला. पोपच्या आयुष्यातला सगळ्यात न पटणारा प्रसंग इथलाच. मृतदेह चिरणं इशीला मान्य नव्हतं, त्याच्या जवळच्या अभ्यासकांनाही ते ठाऊक होतं. तरी शवविच्छेदन झालं आणि मेंदू काढून ठेवला गेला. पोपने ते थांबवलं नाही. 1920 मध्ये इशीचा वैद्यकीय इतिहास लिहिताना त्याने ती माहितीही छापली. अंत्यसंस्काराच्या वेळी इशीचं धनुष्य आणि बाण सोबत ठेवण्यात आले हेही खरं, पण मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत पडून राहिला. तो त्याच्या लोकांच्या हाती यायला 2000 साल उजाडलं.

इशीनंतर पोपने यू झाडाच्या लाकडाचा लांब इंग्लिश धनुष्य हाती घेतला. आर्थर यंग आणि विल कॉम्प्टन हे त्याचे सोबती. 1920 मध्ये कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसला प्रदर्शनासाठी ग्रिझली अस्वलं हवी होती. ती आणायला पोप आणि यंग खास परवानगी काढून धनुष्यं घेऊन यलोस्टोनला गेले. सोबतचा वाटाड्या बंदूक बाळगून होता. 1923 मध्ये पोपचं धनुष्यबाणाच्या शिकारीवरचं पुस्तक आलं आणि अमेरिकेत या छंदाची लाटच आली.

पण साईट नसताना तो नेम कसा धरायचा? सरावासाठी पोप आणि मंडळी रानात फिरत आणि समोर येईल त्या बुंध्यावर, ढेकळावर बाण मारत. दर वेळी अंतर वेगळं आणि तेही न मोजलेलं. अशाने अंतराचा अंदाज डोळ्यांत आणि खांद्यात मुरतो.

हा अंदाज का महत्त्वाचा, ते थोड्या गणितातून कळतं. असल्या लाकडी धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे 150 फूट जातो असं धरू. शिकाऱ्याने 40 यार्ड समजून नेम धरला आणि एल्क प्रत्यक्षात 50 यार्डांवर असला, तर हवेचा अडथळा सोडूनही बाण तीन फुटांहून जास्त खाली लागेल. म्हणजे बहुधा पायांमधून निघून जाईल. आजच्या कंपाऊंड धनुष्याचा वेग 280 फूट धरला, तर तीच चूक 11 इंचांवर येते. ऐकायला बरं वाटतं, पण खरा धोका याच आकड्यात आहे. फुप्फुसांच्या मधोमध धरलेला नेम 11 इंच खाली आला, तर बाण छातीच्या तळाशी किंवा पायात घुसतो. जनावर मरत नाही, जखमी होऊन जंगलात निघून जातं.

म्हणूनच साईटची निवड ही शेवटी अंतराची निवड असते. एकच पिन असलेल्या साईटमध्ये नजरेसमोर गर्दी नसते, मात्र प्रत्येक अंतरासाठी चाक फिरवावं लागतं. सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा काळ. हाकेला उत्तर देत आलेला नर 50 यार्डांवरून 25 वर यायला काही क्षण घेतो, तेवढ्यात चाक फिरवायला सवड कुठली? तिथे तीन ठरावीक पिना बऱ्या. पाच-सात पिना लावल्या, तर पहाटेच्या अंधुक उजेडात चुकीचीच पिन सावजावर टेकायची भीती. पिनांना चमक देणारे फायबरचे धागे दाट झाडीत मंदावतात हेही आहेच. आणि कुठलीही साईट घेतली तरी, 30 यार्डांपलीकडे ज्याचा बाण भरवशाचा नाही त्याने चौथी पिन काढून टाकलेलीच चांगली.

(भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा हा छंद कायदेशीर राहिलेला नाही. तिथे मात्र परवाने आणि ठरलेले हंगाम आहेत.)

पोप 1925 मध्ये यंग आणि लेखक स्टुअर्ट एडवर्ड व्हाईट यांच्यासोबत आफ्रिकेत सिंहांवर बाण चालवायला गेला. तिथेही मागे बंदूक होतीच. पुढच्याच वर्षी न्यूमोनियाने तो गेला, तेव्हा वय अवघं 50 होतं.

साईट घराघरांत पोचली ती त्याच्यानंतर. हॉलेस विल्बर ॲलन याला 1969 मध्ये कंपाऊंड धनुष्याचं पेटंट मिळालं. त्यातल्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार हलका होतो आणि नेम धरून थांबता येतं. मग पिन टेकवायलाही वेळ मिळू लागला. त्याआधीच, 1961 मध्ये पोप अँड यंग क्लब सुरू झाला होता. साध्या पिनांना त्याची ना नव्हती, पण धनुष्यावर इलेक्ट्रॉनिक काही बसवलं तर नोंद नाही, हा नियम त्याने दीर्घकाळ पाळला. 2014 मध्ये बाणाच्या शेपटीला लावायचा दिवा आणि चित्रीकरणाचा कॅमेरा यांना सूट मिळाली. अंतर स्वतःच मोजून पिन दाखवणाऱ्या साईटला तेव्हाही मिळाली नाही.